ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घातल्यावर स्वादुपिंडाच्या पेशींतून बाहेर येणारं अमायलेज (पिष्ट पचवणारं एन्झाइम) एकदम पडतं, हा स्राव थांबल्याचा पुरावा धरावा का?

वाशी_बायोकेम:
उंदराच्या स्वादुपिंडाचे ॲसिनाय (पाचक एन्झाइम स्रवणाऱ्या पेशींचे पुंजके), १०० पिकोमोलर सीसीके (स्राव सुरू करणारं हार्मोन), ३७ अंशांवर ३० मिनिटं. १.२५ मिलिमोलर कॅल्शियममध्ये १४ टक्के अमायलेज बाहेर येतं. कॅल्शियम वगळून २ मिलिमोलर ईजीटीए घातलं की ३ टक्के, आणि सीसीके न दिलेल्या नळीत २. पण स्राव घडवणारं कॅल्शियम तर पेशीतल्या साठ्यातून सुटतं ना? टिश्यू खारघरहून बर्फात येतो. ॲसिनाय करण्याआधी कॅल्शियमविरहित बफरमध्ये २० मिनिटं ठेवतो.

ऐरोली_एन्झाइम:
आधी मोजमाप तपासा. अमायलेजला स्वतःलाच कॅल्शियम लागतं; ईजीटीए ते हळूहळू काढून घेतं आणि एन्झाइम मंदावतं. वरचा द्रव (बाहेर आलेलं अमायलेज) ईजीटीएत आणि गाळ (पेशींत उरलेलं) साध्या बफरमध्ये फोडलेला असेल, तर टक्केवारी खोटीच निघणार. नमुन्यांत, गाळातसुद्धा, शेवटी ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घाला, मगच सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ). फॉस्फेट बफर मात्र नको, पांढरा साका बसतो. ठरावीक अमायलेज ईजीटीएच्या बफरमध्ये ३० मिनिटं ठेवून पाहा, नेमकं किती घटतं ते कळेल. ईजीटीए कॅल्शियम पकडताना प्रोटॉन सोडतं, तेव्हा पीएच परत ७.४ वर आणा.

ठाणे_फिजिओ:
वरचं दुरुस्त करूनही एकच ३० मिनिटांचा बिंदू पुरणार नाही. ५, १०, २०, ३० असे घ्या. सीसीकेमुळे पेशीत तयार होणाऱ्या आयपी३ या संदेशवाहक रेणूमुळे पेशीच्या वरच्या टोकाकडच्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं. पहिली काही मिनिटं स्राव त्यावर चालतो. तोवर पेशीपटलातले पंप ते बाहेर फेकत असतात. साठा रिकामा झाल्याची वर्दी स्टिम१ हे प्रथिन देतं, ओराय१ चॅनल उघडतं, बाहेरचं कॅल्शियम आत येऊन साठा भरतं. म्हणजे बाहेरून येणारं कॅल्शियम पुढचा स्राव टिकवायला लागतं, सुरू करायला नाही. तुमची ती २० मिनिटंच घोळ करतात, साठा आधीच ओसरतो. ईजीटीए सीसीकेच्या मिनिटभर आधी घाला.

शिवाय टिश्यू सुटा करणाऱ्या कोलॅजिनेज एन्झाइमलाही कॅल्शियम लागतं, पचन कॅल्शियमच्या बफरमध्येच करा.

वाशी_बायोकेम:
गाळ साध्याच बफरमध्ये फोडत होतो. सीसीके १० नॅनोमोलर करून पाहू?

ठाणे_फिजिओ:
नको. त्या डोसला कॅल्शियम चढून तसंच राहतं, लाटा नाहीशा होतात आणि स्राव उलट घटतो. ट्रिप्सिनोजेन (प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनचं निष्क्रिय रूप) पेशीतच जागं व्हायला लागतं, पँक्रियाटायटिसच्या (स्वादुपिंडाच्या दाहाच्या) मॉडेलला हाच डोस वापरतात. १० ते ३०० पिकोमोलरमध्ये वक्र काढा. आणि बफरमध्ये सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलि हवाच. पाम बीच रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलेलं स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं, त्यापेक्षा ॲसिनाय खारघरलाच करून आणा.