कासीसमधील चार दिवस: किनारे, द्राक्षमळे आणि जवळच्या सहली

खानापूरकर:
मुलगा मार्सेयला शिकत असल्याने आम्ही उभयता सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरील कासीस येथे चार दिवस राहणार आहोत. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांना चढ सोसत नाही. अशा स्थितीत काय पाहावे?

टिळकवाडीकर:
कालांक, म्हणजे चुनखडीच्या पांढऱ्या कड्यांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, हेच तिथले खरे वैभव आहे. त्यांपैकी आं-वोची उतरण फार खडी असल्याने वहिनींनी ती बंदरातून सुटणाऱ्या बोटीतूनच पाहावी. मालवणची मऊ वाळू मनात धरून मात्र जाऊ नका. तिथे बहुतेक ठिकाणी गोटे आहेत आणि ते अनवाणी तळव्यांना चांगलेच टोचतात. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे पायवाटा बंद ठेवल्या जातात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी चौकशी करावी.

निपाणीकर:
मी शेतकरी असल्याने माझे मन मळ्यांतच रमले. कासीसच्या वाइनला १९३६ मध्येच भौगोलिक नामांकन मिळाले असून तिथे मुख्यतः पांढरी वाइन होते. आपल्या अथणीकडे वेली मांडवावर चढवतात. तिथे त्या दगडी बांधांच्या टप्प्यांवर, कमरेएवढ्या उंचीच्या ओळींत उभ्या दिसतात. सप्टेंबर हा तोडणीचा हंगाम असल्याने भेटीची वेळ आधी ठरवून घ्या. काप कनाय हा ३९४ मीटर उंचीचा कडा मोटारीने गाठता येतो. जोराचा वारा असल्यास तो रस्ता बंद करतात.

खानापूरकर:
मनःपूर्वक आभार. रेल्वे स्थानकापासून गाव किती लांब आहे?

टिळकवाडीकर:
सुमारे तीन किलोमीटर. सामान घेऊन चालू नका, बस मिळते.