मदत हवी आहे: चिपमधल्या एकाच इन्व्हर्टरची उंची २.७२, ५४४ की २७२०?

बडोदेकर_ईसी

नमस्कार मंडळी. बडोद्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. धोलेऱ्याला फॅब (चिपचा कारखाना) येणार म्हटल्यापासून आमच्या वर्गात जो तो लेआउटच्या (चिपचा नकाशा काढण्याच्या) मागे लागलाय, त्यातलाच मी एक. प्रोजेक्टला स्काय१३० ची सेल लायब्ररी, म्हणजे तयार गेटांच्या (सेलच्या) आराखड्यांचा संग्रह, घेतली आहे (गूगल आणि स्कायवॉटरने २०२० मध्ये खुली केली ती). सेलची मापं वाचून क्षेत्रफळ काढणारी पायथन स्क्रिप्ट लिहायची आहे आणि तिथेच घोडं अडलंय.

हाय डेन्सिटी लायब्ररीतला सगळ्यात छोटा इन्व्हर्टर (० चं १ आणि १ चं ० करणारं गेट) घ्या. लेफ फाइल (सेलची मापं देणारी) म्हणते रुंदी १.३८, उंची २.७२. मॅजिक या लेआउट सॉफ्टवेअरच्या फाइलीत त्याच सेलची चौकट ० ० २७६ ५४४. डेफमध्ये (चिपवर सेल कुठे बसवले ते सांगणारी फाइल) सेलच्या ओळी २७२० च्या अंतराने. वर स्पाइस नेटलिस्ट (सर्किटच्या भागांची आणि जोडण्यांची यादी) उघडली तर ट्रान्झिस्टरची लांबी १५०००० यू! यू म्हणजे मायक्रो धरला तर १५ सेंटिमीटर. शाळेच्या कंपासमधली पट्टी झाली ती.

वर्गात शिकलो की लॅम्डा (लेआउट मोजायचं एकक) म्हणजे गेटच्या किमान लांबीच्या निम्मा. इथे गेट १५० नॅनोमीटर, म्हणजे लॅम्डा ७५. त्याने २७६ ला गुणलं तर २०.७ मायक्रॉन येतात. २०० ने भागलं की सगळं जुळतं, पण हे २०० आले कुठून? व्हायवाला पहिला प्रश्न तोच पडणार.

लेआउटवाला

२०० बरोबर आहे, पण स्क्रिप्टमध्ये ठोकून बसवू नकोस. या फाइलींत आकडा एकीकडे आणि त्याचं एकक दुसरीकडे असतं, आधी ते एकक शोधायचं.

मॅजिकच्या फाइलीत वरच 'मॅगस्केल १ २' अशी ओळ दिसेल. म्हणजे आतलं एक एकक अर्ध्या लॅम्डाचं. लॅम्डा किती हे त्या फाइलीत नसतंच, ते टेक फाइलीत (मॅजिकला त्या तंत्राचे नियम सांगणारी फाइल): स्काय१३० ला १० नॅनोमीटर. अर्धा म्हणजे ५, आणि २७६ गुणिले ५ म्हणजे १३८०. तुझ्या सरांचा नियम जुन्या, लॅम्डाच्या पटीत बांधलेल्या डिझाइन नियमांसाठी ठीकच आहे. इथे लॅम्डाचा गेटशी काही संबंध नाही, नुसती मोजायची सोय.

लेफमध्ये थेट मायक्रॉन. डेफमध्ये पूर्णांक, आणि एका मायक्रॉनला किती ते सुरुवातीच्या 'युनिट्स डिस्टन्स मायक्रॉन्स' ओळीत. तुझ्याकडे १००० असणार, पण गृहीत धरू नको, वाचून घे.

स्पाइसमध्ये 'स्केल' नावाचा ऑप्शन एक मायक्रॉनवर ठेवलेला असतो. १५०००० यू म्हणजे ०.१५, त्याला पुन्हा दहा लाखांनी भागायचं. झाले १५० नॅनोमीटर. विचित्र आहे खरं, पण चूक नाही.

जीडीएस (कारखान्याला पाठवायची लेआउट फाइल) मात्र नीट समजून घे. त्यात युनिट्सच्या रेकॉर्डमध्ये दोन संख्या असतात. पहिली सांगते की डेटाबेसचं एक एकक वापरणाऱ्याच्या एककाच्या किती भाग आहे, बहुतेक वेळा ०.००१. दुसरी तेच एकक मीटरमध्ये सांगते, बहुतेक वेळा ०.००००००००१, म्हणजे एक नॅनोमीटर (शून्यं नीट मोज). लोक इथेच गडबडतात. खरी लांबी हवी तर दुसरीच धर. हेक्स एडिटरमध्ये ००१४ ०३०५ शोध, त्यापुढचे सोळा बाइट म्हणजे या दोन संख्या. पण त्या नेहमीच्या आयईईई पद्धतीच्या नाहीत, घातांक १६ च्या पायावर असतो. पायथनच्या स्ट्रक्टने डबल म्हणून उलगडल्यास तर कचरा मिळेल. जीडीएसटीके किंवा केलेआउट वापर, ती जीडीएस नीट वाचतात.

पॉलिगॉन

एक भर. एकक १ नॅनोमीटर असलं तरी स्काय१३० ची मॅन्युफॅक्चरिंग ग्रिड ५ नॅनोमीटरची आहे, मापं तिच्या पटीत हवीत. फाइलीत १३८३ लिहिता येईल, पण डीआरसी (डिझाइन नियमांची तपासणी) बोंब मारेल.

बडोदेकर_ईसी

दादा, खूप आभार! मॅजिक, लेफ, डेफ जुळले. आता जीडीएसटीकेने त्याच सेलची चौकट १.७६ बाय ३.२० सांगितली. आता हे काय नवीन?

लेआउटवाला

ही एककाची भानगड नाही. एन-वेल (ट्रान्झिस्टरखालचा एक थर) दोन्ही बाजूंना ०.१९ बाहेर येते आणि पॉवरच्या मेटल पट्ट्या वर-खाली ०.२४ बाहेर. बेरीज करून बघ. सेल ओळीत बसवले की शेजारच्या ओळी त्या पट्ट्या वाटून घेतात, म्हणून क्षेत्रफळाला सगळ्या पॉलिगॉनची चौकट चालत नाही, सेलच्या सीमेचा वेगळा लेयर घे किंवा सरळ लेफमधलं माप. ताळा करायला लिबर्टी फाइल (सेलचा वेग, वीज वगैरे माहिती देणारी) उघड, तिथे एरिया दिलेला असतो.

बडोदेकर_ईसी

३.७५३६. आणि १.३८ गुणिले २.७२ पण तेवढेच. आता नँड गेट घेतो.