वाईतला जुना वाडा : सिमेंटचा गिलावा काढून पुन्हा चुना करायचा आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

वाईत गणपती आळीत आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. मुळात दोन चौकी. मागचा चौक वाटणीत गेला, तिथे आता इमारत आहे. पुढचा चौक, ओसरी, माजघर आणि वरचा दिवाणखाना आमच्याकडे आहे. आईवडील तिथेच राहतात आणि त्यांना तिथेच राहायचं आहे. त्यामुळे पाडायचा नाही, दुरुस्त करायचा, एवढं आम्हा भावंडांचं पक्कं ठरलंय.

बांधणी अशी : काळ्या घडीव दगडाचं जोतं, त्यावर बाहेरून पातळ भाजक्या विटा आणि आतून पांढरी माती. वरचा भार मात्र भिंतींवर नाही, सागवानी खांबांवर आहे. चौकातले खांब तळखड्यांवर (खांबाखालच्या घडीव दगडांवर) मोकळे उभे आहेत, ते ठणठणीत आहेत. माजघराचे खांब भिंतीत बुजलेले आहेत आणि दुखणं तिथेच आहे. १९९०च्या दशकात एका ठेकेदाराने तळमजल्याच्या भिंतींना कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. तोवर भिंतीत ओल यायची आणि उन्हाळ्यात सुकायची. आता ती सिमेंटच्या मागे अडकते आणि वर चढते. गिलाव्याच्या वर लोणा (ओलीबरोबर आलेल्या क्षारांचा पांढरा थर) लागलाय, माती भुरभुर गळते. कोपऱ्यातला एक खांब तळाशी टोचून पाहिला तर लाकूड बोटाने निघतं. त्यावरची तुळई (आडवं मोठं लाकूड) किंचित खाली आली आहे, कडीपाटात (लाकडी तक्तपोशीत) फट दिसते.

दोन ठेकेदारांना दाखवलं. दोघांचं म्हणणं एकच : खांब काढा, आरसीसीचे कॉलम घ्या, भिंती सिमेंटमध्ये बांधा. मला हे पटत नाही. लाकडाचा सांगाडा थोडा हलतो, वाकतो. त्यात मधेच दोन ताठ कॉलम घातले तर बाकीचे सांधे ते ओझं कसं पेलणार?

मला विचारायचंय ते असं. सिमेंट एकदम सगळं खरवडावं की भिंत-भिंत करत? खांबाचा कुजलेला भाग तेवढाच कापून जुन्या सागाचा तुकडा सांधता येतो का? आणि वाई-सातारा-पुणे भागात चुन्याचं काम खरोखर जाणणारे गवंडी कुठे मिळतील? चुन्यात सिमेंट मिसळून ‘चुन्याचं काम’ म्हणणारे भेटले, ते नकोत.

शिवाय वाड्याचं वय कळलं तर बरं होईल. घरात ‘पेशवाईतला’ असंच म्हणतात. चौकातले खांब सुरूच्या घाटाचे (सुरूच्या झाडासारखे निमुळते) आहेत, वर केळफुलं कोरली आहेत. पण ओसरीच्या लोखंडी तुळईवर ‘डॉर्मन लाँग’ अशी इंग्रजी अक्षरं आहेत आणि काही मंगलोरी कौलांवर बासेल मिशनचा ठसा आहे.

प्रतिसाद :
गिलाव्याला हात लावण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. जुन्या आळ्यांमध्ये डांबराचे थर चढत चढत रस्ता जोत्याच्या बरोबरीला येतो आणि पावसाचं पाणी थेट भिंतीच्या पायात मुरतं. चौकातली मोरी तुंबली आहे का, पन्हळी फुटल्यात का, हे आधी पाहा. हे न करता चुना केलात तर तोही गळेल.

सिमेंट भिंत-भिंत करतच काढा. दिवाळीनंतर सुरू करा आणि उघडी भिंत उन्हाळाभर सुकू द्या. क्षार आपोआप बाहेर येतात, ते कोरड्या ब्रशने झाडायचे; पाण्याने धुतलेत तर परत आत जातात. पहिला चुन्याचा थर क्षार ओढून खराब होणार, असं धरूनच पातळ द्या. कळीचा चुना आणून घरीच विझवा आणि निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्या. त्यात वाळू आणि विटांची सुरकी (भुकटी). गूळ, हिरडा, बेलफळ यांचं पाणी जुने गवंडी घालत, पण प्रमाण ज्याने हाताने केलंय त्यालाच विचारा.

खांब सांधता येतो. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू आणि जॅक देऊन आधी भार उतरवायचा. तुळई एकदम वर उचलू नका, सांधे उकलतील. खाली गेली आहे तिथेच धरली तरी चालतं. पडलेल्या वाड्यांचं सागवान पुण्यात विकत मिळतं, तेच घ्या; नवं लाकूड आकसतं. सुताराआधी जुन्या इमारतींचं काम केलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर मात्र नक्की बोलवा.

प्रतिसाद :
वयाबद्दल. खांबांच्या कोरीवकामावरून काळ ठरवू नका, एका वाड्याचे खांब दुसऱ्यात सर्रास लावले जात. डॉर्मन लाँग ही कंपनी १८७५ची, म्हणजे ओसरी तरी त्यानंतरची. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५चा. त्याआधी छपरावर नळीची कौलं असणार. म्हणून छप्पर आणि ओसरी इंग्रजी अमदानीत बदललेली, आतला चौक त्याहून जुना असू शकतो. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावरून फार मागे जाता येत नाही. घरात मोडी कागद असतील तर आधी ते वाचून घ्या, मग पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराकडे वळा. आणि मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा तुमच्या उशाशीच आहे. तिथल्या विटांची जाडी आणि तळखड्यांची घडण आपल्या वाड्याशी ताडून पाहा.

धागाकर्ती :
दोघांचे मनापासून आभार. रस्त्याचं अगदी खरं आहे, पूर्वी ओसरीला तीन पायऱ्या चढाव्या लागत, आता एकच उरली आहे. बाहेरून चर खणून पाणी वळवायचं तर नगरपालिकेची परवानगी लागेल ना? कुणी हे केलं असेल तर अर्ज कोणत्या खात्याकडे केला ते सांगा. देवघरातल्या पेटीत मोडी कागदांचं एक बाड आहे, वाचणारं कुणी वाईत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.