गाडी सुरू करताना वाजणारा बीप: शेवटी काय निघालं?

या धाग्यावर ज्याने त्याने आपल्या बीपबद्दल चारच गोष्टी लिहा. बीप कधी वाजला (चावी ऑनवर, सेल मारल्यावर म्हणजे स्टार्टर फिरवल्यावर, गाडी हलल्यावर की रिव्हर्सला), सलग की तुटक, सोबत कोणता दिवा, आणि शेवटी काय निघालं. नुसतं 'गाडी बीप करते' म्हटलं तर मेकॅनिकसुद्धा अंदाजच बांधणार.

पहिलं माझं. चावी ऑन केली की सगळे दिवे एकदम लागतात, ती त्यांची हजेरी. एअरबॅग आणि एबीएसचे (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) दिवे काही सेकंदांत विझतात. चेक इंजिन, ऑइल आणि बॅटरीचे इंजिन सुरू झाल्यावर. मोबाइलवर आवाजासकट डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्या आणि मागे कोण उरतो ते पाहा. हजेरीलाच एखादा दिवा गैरहजर असेल तर तीही तक्रारच. जुनी गाडी घेताना एअरबॅगचा दिवा मुद्दाम बघावा, बिघाड झाकायला तो बंद करून ठेवलेला सापडतो.

पानापक्कड
बहुतेक वेळा सीटबेल्टच निघतो. १ जुलै २०१९ पासून पुढच्या दोन्ही सीटना ही आठवण सक्तीची झाली. शेजारच्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. लॅपटॉपची बॅग किंवा आंब्याची पेटी त्याला माणूसच वाटते. सामान मागे ठेवा, संपलं.

सीट रिकामी, बेल्ट लावलेला, तरी वाजतंय? बेल्टची जीभ बकलमध्ये असतानाच डावी-उजवीकडे हलवा. दिवा लुकलुकला तर दोष बकलमधल्या बारीक स्विचचा. आत बिस्किटाचा चुरा नाहीतर नाणं असतं. हवेच्या पाइपने फुंका, मग कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे सांधे साफ करायचा स्प्रे). तेल अजिबात नको, त्यावर धूळ आणखी चिकटते.

वायरमन
वरच्यात भर. सीट पुढेमागे सरकवल्यावर किंवा खाली व्हॅक्यूम मारल्यावर बीप सुरू झाला तर सीटखालचा कनेक्टर ओढला गेलाय. मात्र पिवळ्या आवरणाचा कनेक्टर एअरबॅग आणि धडकेत बेल्ट ओढून घट्ट करणाऱ्या यंत्रणेचा असतो. चावी ऑन असताना त्याला हात लावू नका. बॅटरीची मायनस वायर काढा, थोडा वेळ थांबा, मगच बघा.

आता बॅटरी. एकाच वेळी तीन-चार दिवे आणि भलतेच बीप आले की सेन्सर बदलत बसू नका, मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीला लावा. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकलीय. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. काही नव्या गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो, तेव्हा एकाच आकड्यावर निकाल देऊ नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर गरम पाणी आणि खाण्याचा सोडा. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस.

बटणस्टार्ट
चावी जवळ असूनही 'चावी सापडत नाही' आणि बीप म्हणजे बहुधा चावीतला बटणासारखा सेल उतरलाय. तातडीला चावी स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. बऱ्याच गाड्या एवढ्यावर सुरू होतात. सेल जुन्यावरचा नंबर बघूनच घ्या. २०३२ ची जाडी ३.२ मिमी, २०२५ ची २.५. पातळ सेल आत सैल बसतो आणि खड्ड्यात संपर्क तुटतो.

ब्रेकपॅड
हँडब्रेक पूर्ण सोडलाय, तरी लाल दिवा आणि गाडी हलली की बीप? बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत दोन्हींना तोच दिवा असतो. इथे लोक चुकतात ते असं: डब्यावरच्या 'मिन' खुणेच्या खाली गेलं म्हणून बाटली ओततात. ब्रेक पॅड झिजले की त्यांना दाबणारे पिस्टन बाहेर येतात, ऑइल तिकडे भरतं आणि डब्यातलं उतरतं. आधी पॅड बघा, नाहीतर नवे पॅड लावताना डबा उतू जातो आणि गाडीचा रंग खराब होतो. पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल तर गळती आहे, गाडी चालवू नका.

पावसाळी
रिव्हर्स टाकला की सलग पीं, मागे काहीच नाही. मागच्या बंपरमधल्या सेन्सरवर चिखल नाहीतर थेंब असतात, ओल्या फडक्याने पुसा. तरी चालूच? चावी ऑन, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मग रिव्हर्स टाका. एकेका सेन्सरवर बोट ठेवा. जिवंत सेन्सर बारीक टिकटिकतो. जो गप्प, तो गेलाय किंवा त्याची वायर उंदराने खाल्लीय.

पानापक्कड
बीप बंद करायला बकलमध्ये नुसती क्लिप अडकवणाऱ्यांसाठी: २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना त्या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. दिवा विझतो, बेल्ट अंगावर येत नाही.

वायरमन
आणि ताशी ८० किमीला अधूनमधून, १२० ला सलग वाजतो तो बिघाड नाही. तो वेगाचा इशारा, त्यासाठी फ्यूज उपसू नका.