कुत्रं दत्तक देताना आम्ही एवढं का विचारतो

जुईचा_वेल

परवा आमच्या भागातल्या एका व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी लिहिलं, "हे शेल्टरवाले कुत्रं देताना असे तपासतात जशी पोटची पोरगी देतायत. घर दाखवा, घरमालकाचं पत्र आणा, गावाला गेलात तर कुत्रं कोण बघणार ते सांगा. त्यापेक्षा वीस हजार टाकले की लॅब्रॅडॉर घरपोच." खाली धडाधड अंगठे. दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

मी सहा वर्षं दर रविवारी पुण्याबाहेरच्या एका शेल्टरमध्ये जाते. पिंजरे धुते, गोचिडी काढते, अडॉप्शनचे फॉर्म भरून घेते. आणि दिलेलं कुत्रं परत येतं तेव्हा गेटवर बहुतेक वेळा मीच असते.

राणीचं सांगते. तांबूस रंगाची गावठी, नऊ महिन्यांची. न्यायला आलेले गृहस्थ गोड बोलणारे, आमच्यातल्याच एकीच्या ओळखीचे. म्हणून होम चेक, म्हणजे घरी जाऊन पाहणी, केला नाही. चार महिन्यांनी चंदेरी गाडी गेटशी थांबली. गृहस्थ खाली उतरलेसुद्धा नाहीत, इंजिन चालूच. मागचं दार उघडून राणीला खाली सोडलं आणि "भुंकते हो फार, सोसायटीवाले ऐकत नाहीत" म्हणून निघून गेले. तिच्या गळ्यात पट्टा नव्हता, नायलॉनची दोरी होती. गॅलरीच्या ग्रीलला बांधून ठेवायचे. दोरी काढली तर खाली मानेभोवती बोटभर रुंदीचा केस गेलेला पट्टा, त्यातून पाणी येत होतं. तीन दिवस तिने तोंडात अन्न घेतलं नाही. रस्त्यावरून चंदेरी गाडी गेली की कान टवकारून उठायची.

ही चूक आमचीच होती. आम्ही विचारलं नाही.

म्हणून विचारतो. घरात सगळ्यांना हवंय की फक्त दहावीतल्या मुलाला? दिवाळीत गावाला गेलात तर? बदली झाली तर? सहा महिन्यांची झाली की नसबंदी करून घ्याल ना? पिल्लू हवं म्हणणारे महिन्याभराचं मागतात, आम्ही आठ आठवड्यांआधी आईपासून तोडत नाही. पैसे घेऊन विकणाऱ्यांनाही २०१७च्या नियमांनी तेच बंधन आहे, पाळतं कोण ते सोडा. मादी नको म्हणतात, काळं नको म्हणतात. ते ऐकून घेतो. पण जनावर वाऱ्यावर सोडणाऱ्याला १९६०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. त्या पन्नास रुपयांना कोण घाबरणार? तेव्हा राहिली ती आमच्या दारातली चाळणी. ती काढून टाका म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन राणीची मान बघावी.

भाडेकरू_हिंजवडी

राणीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तुमच्या चाळणीतून जो गाळला गेला तो मी आहे, तर माझंही ऐका.

मी साताऱ्याकडच्या गावातला. घरी कायम दोन-तीन कुत्री. मी पाचवीत असताना वाघ्याला साप चावला तेव्हा मी आणि आजोबा त्याला सायकलच्या कॅरियरवर घालून तालुक्याला घेऊन गेलो होतो. आता एकतीस वर्षांचा आहे, वन बीएचकेत राहतो, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. एका शेल्टरमध्ये (तुमचं नव्हे) चार पानी फॉर्म भरला. होम चेकला आलेल्या ताईंनी पहिलं विचारलं, "लग्न कधी करणार?" दुसरं, "बायकोला नको असेल तर?" पाण्याचं भांडं कुठे ठेवणार, फिरवायला कुठे नेणार, काही विचारलं नाही. दोन दिवसांनी मेसेज आला, "बॅचलर आणि भाड्याचं घर असल्यामुळे शक्य नाही."

ज्या पिल्लासाठी गेलो होतो ते बंगलेवाल्यांना दिलं. तो बंगला माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. पिल्लू आता मोठं झालंय, दिवसभर गेटमागच्या पिंजऱ्यात असतं. मी रोज जाता-येता बघतो. स्वतःचं घर आहे, लग्न झालेलं आहे, पास झाले.

तुपसाखर

मुळात एक प्रश्न कुणी काढलाच नाही, तो मी काढतो. फॉर्ममध्ये विचारतात, "घरात मांसाहार शिजवता का? कुत्र्याला चिकन-अंडी देण्याची तयारी आहे का?" आम्ही नाही म्हटलं. लगेच चेहरा बदलला. माझ्या बायकोला तोंडावर सांगितलं, "मग मासे पाळा, काकू."

आमच्या वाईच्या घरी मोती होता. वडील जेवायला बसले की तो उंबऱ्याशी बसायचा. दोन्ही वेळा दूध-पोळी, सणाला वरणभात तूप घालून. चौदा वर्षं जगला. कधी डॉक्टर बघितला नाही, कधी ते पाकिटातलं खाणं बघितलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुत्री दूध-भाकरीवरच वाढली या महाराष्ट्रात. आणि आज आम्हाला कुणीतरी येऊन सांगतं की तुमचं घर कुत्र्याच्या लायकीचं नाही.

मुळशीची_माती

तुपसाखर, +१. आमच्या धनगरवाड्यावरची कुत्री ताकभाकरीवर लांडग्याच्या अंगावर जातात.

गुरांचा_डॉक्टर

अवांतर होतंय, पण हे सोडून देता येत नाही. मी बावीस वर्षं व्हेटर्नरी प्रॅक्टिस करतोय.

तुपसाखर, मोती चौदा वर्षं जगला यावर माझा विश्वास आहे. पण मोती बांधलेला होता का? वाईतलं घर म्हणजे मागे परडं असणार. दिवसभर मोकळा फिरत असेल. घुशी, उंदीर, सरडे, शेजारपाजारची हाडं, घाटावरच्या नैवेद्यातलं काय काय. घरून मिळायची ती दूध-पोळी, बाकीचं त्याचं तो बघायचा. धनगरांच्या कुत्र्यांचंही तेच, मेलेल्या मेंढीचं मांस त्यांना मिळतंच. तीच दूध-पोळी तिसऱ्या मजल्यावरच्या, दिवसातून दोनदा खाली जाणाऱ्या कुत्र्याला द्या. केस गळतात, त्वचा खराब होते, वजन वाढतं पण मांड्यांना मांस नसतं. मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही, हगवण लागते, आणि मालक म्हणतात "बाहेर काहीतरी खाल्लं असेल."

हेही कबूल करतो की शाकाहारी घरात कुत्रं नीट सांभाळता येतं. लांडग्यापेक्षा कुत्र्याला पिष्टमय अन्न चांगलं पचतं, माणसाजवळ राहून तो बदल झालाय. पण मग आहार ठरवून, डॉक्टरला विचारून द्यावा लागतो, आणि अंडं चालत असेल तर काम निम्म्याने सोपं होतं. प्रसादाचा शिरा देऊ नका, त्यातले बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. कांदा-लसणाचा रस्साही नको, मग तो चिकनचा का असेना.

मांजराचं मात्र काहीही ऐकून घेणार नाही. मागच्या वर्षी एक पांढरी मांजर आणली होती, दत्तक घेतलेली, घर कडक शाकाहारी. तीन वर्षं दूध-पोळी आणि पनीर. चौकटीला धडकते म्हणून आणली. मी डोळ्यावर टॉर्च मारला, बाहुली तशीच, बशीएवढी उघडी, आकसलीच नाही. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं, ते मिळालं नाही की डोळ्याचा पडदा जातो आणि हृदयही फुगतं. गेलेली नजर परत येत नाही. त्या बाई माझ्यासमोर रडल्या, त्यांनी जीव लावला होता तिला. फॉर्मवरचा तो एक प्रश्न कुणीतरी नीट समजावून विचारला असता तर ही वेळ आली नसती.

तुपसाखर

डॉक्टर, मी मांजराबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. आणि मोती उंदीर खायचा की नाही हे तुम्ही पुण्यात बसून ठरवू नका, आमचं घर तुम्ही पाहिलेलं नाही.

गुरांचा_डॉक्टर

बरं. मोती उंदीर खायचा का?

तुपसाखर

घुशी मारायचा. खायचा की नाही आठवत नाही. आईला विचारावं लागेल.

नाशिकरोड_१९

इथे दूध-पोळीवर एवढी चर्चा चाललीय आणि माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या पोटरीला भटकं कुत्रं चावलंय, पाच वेळा इंजेक्शनला नेलं. मुलगा अजून शाळेच्या गेटपर्यंत माझा हात सोडत नाही. सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सगळी उचला आणि शेल्टरमध्ये टाका. ते करा आधी. दत्तक, होम चेक वगैरे नंतर.

जुईचा_वेल

नाशिकरोड, मुलाला बरं वाटू दे. माझ्या भाचीलाही चावलं होतं, ती भीती मला माहीत आहे.

पण कोर्टाचं पूर्ण सांगा. ११ ऑगस्ट २०२५चा आदेश दिल्ली आणि आसपासच्या शहरांपुरता होता. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो बदलला. नसबंदी आणि लस झालेली कुत्री पुन्हा त्याच भागात सोडायची, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा जागांपुरता वेगळा आदेश आला, तिथली उचलून परत तिथे सोडायची नाहीत. २२ ऑगस्टच्या आदेशातच हेही आहे की ज्यांना ही कुत्री दत्तक घ्यायची त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, आणि नेलेलं कुत्रं परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. म्हणजे आम्ही जे विचारतो तेच कोर्टाने दुसऱ्या शब्दांत सांगितलंय.

आणि "शेल्टरमध्ये टाका" म्हणजे कुठे? आमच्याकडे ऐंशीची सोय आहे, आज एकशे बारा आहेत. एका पिलाला पार्वो (झपाट्याने पसरणारा विषाणूचा आजार) झाला की पूर्ण वॉर्ड ब्लीचने धुवायचा, तरी लस न झालेली एकामागून एक जातात, रक्ताची हगवण होऊन. एक कुत्रं चांगल्या घरी गेलं की एक पिंजरा मोकळा होतो. दुसरा उपाय माझ्या हातात नाही.

नाशिकरोड_१९

शाळेजवळची उचलायची, हे तरी कबूल केलंत. तेवढं पुरे मला.

कोथरूडची_काकू

भाडेकरूने लिहिलंय त्याला उत्तर द्या ना कुणीतरी. मीही होम चेकला जाते, आणि लग्नाचा प्रश्न मीही विचारलाय. कारण सांगते. आमच्याकडे एका वर्षात पाच कुत्री परत आली, त्यातली तीन "लग्न ठरलं, ती कुत्र्याला घाबरते" म्हणून. तिन्ही मुलं चांगली होती, तिन्ही रडत सोडून गेली. रडणं खोटं नव्हतं, पण कुत्रं परत आलं ते आलंच.

भाडेकरू_हिंजवडी

काकू, आणि बाकीची दोन? ती लग्न झालेल्यांनी आणली असतील ना? त्यांना काय विचारलं होतंत? "बाळ कधी होणार?" असं विचारता? कारण बाळ झालं की कुत्रं बाहेर, हे मी माझ्या सोसायटीत दोनदा पाहिलंय. २०२०च्या मार्चमध्ये कुत्र्या-मांजरांपासून कोरोना होतो अशी अफवा उठली तेव्हा रात्री गाड्यांतून आणून कुत्री सोडली लोकांनी. आमच्या चौकात गळ्यात पट्टा असलेली एक पॉमेरेनियन आठवडाभर गेटपाशी बसून होती. ती सोडणारे बॅचलर होते का?

सोसायटीचं म्हणाल तर २०१५पासून प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, बहुमताने ठराव करूनसुद्धा सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. मी ते प्रिंट काढून सेक्रेटरीला दिलं, त्यांनी मानलं. फक्त घरमालकाने करारातच अट घातली की भाडेकरूचे हात बांधले जातात. माझ्या करारात ती अट नाही. तरी माझं नाव कटलं. मला माणूस म्हणून कुणी बघितलंच नाही.

कोथरूडची_काकू

दोनातलं एक बाळामुळे आलं होतं, हो. तिथे आम्ही विचारलं नव्हतं.

जुईचा_वेल

भाडेकरू, दोन दिवस तुमच्या प्रतिसादावर विचार करत होते. फॉर्म काढून टाका हे मला मान्य नाही, कधीच होणार नाही. पण लग्न झालंय का आणि घर कुणाच्या नावावर, यावरून माणूस कळत नाही हे मला पटवून घ्यावं लागतंय. राणीला नेणारे गृहस्थ लग्न झालेले, स्वतःच्या फ्लॅटमधले होते. फॉर्म भरला असता तरी पास झाले असते. तुमचा वाघ्या सायकलवर तालुक्याला गेला हे कुठल्या रकान्यात लिहायचं, तो रकानाच आमच्याकडे नाही.

आमच्याकडे फॉस्टर देतो. एक महिना कुत्रं घरी ठेवायचं, खाणं-औषध आमचं, आम्ही दर आठवड्याला येऊन बघणार. जमलं तर कागद करायचे. महिनाभरात काय ते दिसतं, तुम्हालाही आणि आम्हालाही. करारात अट नसेल तरी घरमालकाचा फोन नंबर मात्र लागेल, त्यावर अडून बसणार आहे मी.

भाडेकरू_हिंजवडी

फोन नंबर देतो. राणी अजून आहे का तिथे?

जुईचा_वेल

आहे. पाच वर्षांची होईल आता. मानेवर केस आले नाहीत पुन्हा. अनोळखी पुरुषाजवळ पहिले दोन-तीन रविवार येणार नाही, लांब बसून राहील. घाई करायची नाही, हात पुढे करायचा नाही. आणि चंदेरी गाडी आणू नका.

भाडेकरू_हिंजवडी

बाइक आहे. रविवारी येतो.

तुपसाखर

आईला फोन केला. मोती घुशी खायचा म्हणाली, आणि शेजारच्या घरून त्याला रविवारी हाडं मिळायची. वडिलांना माहीत होतं, ते बोलायचे नाहीत.

बायकोशी बोललो. अंडं चालेल. मागच्या गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात. घरात नाही. त्या "मासे पाळा काकू" म्हणणाऱ्या बाईंनी माफी मागितली पाहिजे, ते मी सोडलेलं नाही. डॉक्टर, उकडलेलं द्यायचं की कच्चं, आणि किती, ते लिहा.