परतीचा पाऊस, देशभराचा दोन आठवड्यांचा अंदाज आणि भातकापणीची तारीख

माणगावचा_मुलुंडकर:
नमस्कार. मी मुलुंडला राहतो आणि आमची भातशेती माणगाव तालुक्यात आहे. निमगरवे (मध्यम मुदतीचे) भात आता कापणीला आले आहे, पण रजा पंधरा दिवस आधी मागावी लागत असल्यामुळे तारीख आजच ठरवणे भाग आहे. गेल्या वर्षी कापून पसरलेल्या भातावर सलग दोन दिवस पाऊस पडला आणि लोंबीतच दाणे रुजले; वडील तेव्हा बांधावर नुसते बसून होते, ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. हवामान विभागाच्या देशाच्या नकाशात दुसऱ्या आठवड्यात कोकण हिरवे, म्हणजे सरासरीपेक्षा जास्त पावसाचे दाखवले आहे, तर मोबाइलवरच्या ॲपमध्ये माणगावला त्याच दिवसांत स्वच्छ ऊन दिसते. यांपैकी कशावर विश्वास ठेवावा?

वेधशाळेचा_वाचक:
आपण पाहिलेला नकाशा विस्तारित पल्ल्याच्या अंदाजाचा आहे. तो दर गुरुवारी निघतो, पुढच्या चार आठवड्यांचा कल सांगतो आणि प्रत्येक आठवड्याचा पाऊस त्या काळातील सरासरीच्या तुलनेत दाखवतो. ही तुलना ऑक्टोबरमध्ये फसवी ठरू शकते, कारण या महिन्यात कोकणाची सरासरीच दिवसागणिक झपाट्याने उतरत असते. महिन्याच्या अखेरीस हिरवा रंग दिसला, तरी प्रत्यक्षात एखादी जोरदार सर येऊन बाकीचे दिवस कोरडे जाऊ शकतात. पश्चिम राजस्थानात तर या दिवसांत सरासरी इतकी अल्प असते की एका सरीनेही टक्केवारी भलतीच फुगते.

ॲपमधील माणगावच्या उन्हाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: दहाव्या दिवसापुढचे गावनिहाय चित्र तारीख ठरवण्यासाठी वापरू नये. वातावरणाच्या आजच्या स्थितीच्या मोजमापात राहिलेली बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते आणि साधारण दोन आठवड्यांत अंदाजाला गिळून टाकते. म्हणूनच मोठी केंद्रे एकाच वेळी अनेक अंदाज चालवतात. युरोपीय हवामान अंदाज केंद्र सुरुवातीची स्थिती किंचित बदलून असे ५१ अंदाज काढते. ते बहुतांशी एकाच दिशेने गेले तर भरवसा वाढतो, आणि विखुरले तर तो विखुरलेपणा हीच वाचकासाठी खरी माहिती असते. पुष्कळ ॲपमध्ये मात्र हे सारे एका सूर्याच्या चित्रात दडपले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या चित्रावर विसंबून लोक विळा उचलतात.

गिरगावची_खिडकी:
मोसमी पावसाच्या माघारीच्या तारखेकडेही लक्ष असू द्यावे. २०२० पासून लागू झालेल्या तारखांनुसार वायव्य राजस्थानातून मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे १७ सप्टेंबरला परतू लागतो, मुंबईतून ८ ऑक्टोबरला आणि संपूर्ण देशातून १५ ऑक्टोबरच्या सुमारास. राजस्थानातून माघार जाहीर करण्यासाठी सलग पाच दिवस पाऊस थांबणे, हवेच्या खालच्या थरांत प्रतिचक्रवात (जास्त दाबाच्या केंद्राभोवती फिरणारे वारे) तयार होणे आणि हवेतील बाष्प लक्षणीय घटणे या तिन्ही गोष्टी पाहिल्या जातात. परंतु माघार म्हणजे पावसाचा शेवट नव्हे. २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून येऊन १३ ऑक्टोबरला आंध्रातील काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेला कमी दाबाचा पट्टा तेलंगणातून महाराष्ट्रावर आला आणि पुढे अरबी समुद्रात उतरला. वाटेत पुण्यासह अनेक जिल्ह्यांत त्याने उभी पिके झोपवली. फयान चक्रीवादळ तर २००९ मध्ये ११ नोव्हेंबरला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले होते.

माणगावचा_मुलुंडकर:
मनापासून आभार. मग कोकणासाठी मी बंगालच्या उपसागराकडे पाहायचे का? आणि जिल्ह्याच्या इशाऱ्यातील ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके किती?

वेधशाळेचा_वाचक:
होय, ऑक्टोबरात उपसागराकडे अवश्य पाहावे. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या भागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, एवढाच आहे. आपले शेत त्यात येईल की नाही हे त्यातून कळत नाही.

माझा सल्ला असा की रजा एका तारखेची न मागता आठवड्याची मागावी आणि त्यातले चार दिवस नंतर कळवण्याची मुभा वरिष्ठांकडून मिळते का पाहावे. गुरुवारच्या नकाशावरून आठवडा निवडा: उपसागरात कमी दाब तयार होऊन पश्चिमेकडे सरकण्याची शक्यता दाखवली असेल, तर तो आठवडा टाळा. पुढे शेवटचे पाच दिवस रोजचा अंदाज पाहून कापणीचा दिवस ठरवा. कापलेले भात वाळायला लागणारे दोन-तीन दिवस त्या पाचांत बसत असतील, तरच विळा लावा.

गिरगावची_खिडकी:
एक भर घालते. मुंबईत ऑक्टोबरचे ऊन चटका देऊ लागले, तरी तिकडे निर्धास्त राहू नका. तापलेली जमीन आणि हवेत उरलेले बाष्प यांमुळे सह्याद्रीच्या पायथ्याशी दुपारनंतर ढग चढतात आणि विजांसह सरी येतात. भारे दुपारच्या आत बांधून आडोशाला न्यावेत आणि गडगडाट ऐकू येताच शेत सोडावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप वडिलांच्या मोबाइलवर आजच घालून द्या. आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर त्यावर सूचना येते.