स्ट्रीमिंगच्या स्टोरेजला जीबीपीएसचा आकडा काय चाटायचाय?

रात्रपाळी

आमच्याकडे शिकवणीच्या रेकॉर्ड केलेल्या तासांचा मोठा साठा आहे. नवं स्टोरेज घ्यायचंय म्हणून तीन विक्रेते येऊन गेले. एकाकडे लस्टर, दुसऱ्याकडे सेफ, तिसऱ्याकडे बीजीएफएस, म्हणजे डेटा अनेक सर्व्हरांवर पसरवून ठेवणाऱ्या समांतर फाइलसिस्टीम. तिघांच्या स्लाइडवर ठळक अक्षरात एकच गोष्ट: सेकंदाला अमुक इतके जीबी, आयओआर या प्रमाणित वेगचाचणीनुसार.

मागच्या खेपेला असाच आकडा बघून आम्ही माल उचलला होता. परीक्षेच्या आदल्या रात्री व्हिडिओ गरगरायला लागले. ग्राफ उघडला तर बँडविड्थ निम्मीसुद्धा वापरात नाही!

रिकाम्या एक्सप्रेसवेवर गाडी किती पळते ते बघून गणपतीत चाकरमानी गावी किती वाजता पोचेल हे सांगण्यातला हा प्रकार आहे. एक प्रेक्षक फाइल ओळीने वाचतो, मान्य. पण हजार प्रेक्षक हजार फाइली ओळीने वाचायला लागले की बिचाऱ्या डिस्कला ते रँडमच दिसतं. ७२०० आरपीएमची डिस्क घ्या. डोकं हलायला आठेक मिलिसेकंद, अर्धा फेरा फिरायला ४.१७. म्हणजे दर वाचनामागे १२ मिलिसेकंद नुसती धावपळ. डिस्कचा वेग सेकंदाला २०० एमबी धरला तर १ एमबी वाचायला ५ मिलिसेकंद. एकूण १७, म्हणजे हातात साठ एमबीसुद्धा नाहीत. हेच ४ एमबीच्या घासाने वाचलं तर १२ अधिक २०, म्हणजे सेकंदाला १२५ एमबी. डिस्क तीच, पण आकडा दुप्पट.

माझं म्हणणं एवढंच की जीबी मोजू नका, प्रेक्षक मोजा. प्रत्येक स्ट्रीम ५ एमबीपीएसच्या (सेकंदाला ५ मेगाबिट) चालीने वाचू द्या, एफआयओ या चाचणीच्या साधनात 'रेट'ची सोय आहेच. स्ट्रीम वाढवत जा आणि उशिरा आलेली वाचनं ज्या क्षणी दिसायला लागतील तिथे थांबा. विकत घ्यायचा आकडा तो.

ओएसटीवाला

आयओआरला शिव्या घालण्याआधी ते चालवलं कसं होतं ते विचारलंत का? प्रत्येक प्रोसेसला वेगळी फाइल, वाचन रँडम, घास लहान, हे सगळं त्यात करता येतं. स्टोरेज सिस्टीमांची क्रमवारी लावणारी आयओ५०० यादी २०१७ पासून निघते आहे, तिच्यात सोपी आणि अवघड अशा दोन्ही परीक्षा आहेत. अवघड भागात एकाच फाइलमध्ये ४७,००८ बाइटचे वेडेवाकडे तुकडे सगळे मिळून लिहितात. मेटाडेटासाठी, म्हणजे फाइलींची नावं-पत्ते सांभाळण्याच्या कामासाठी, एमडीटेस्ट वेगळी. गुण भूमितीय सरासरीने, म्हणजे एका विषयात नापास झालात तर दुसऱ्यातले पैकीच्या पैकी फार उपयोगी पडत नाहीत. विक्रेत्याने सोप्या पेपराचे मार्क दाखवले, हा काय पेपराचा दोष?

आणि घरगुती चाचणीचा धोका वेगळाच. तुमची चाल, तुमच्या फाइली, तुमचा निकाल. दुसऱ्या कुणाच्या निकालाशी तो ताडून कसा बघणार?

एक शंका. तुमच्याकडे लस्टर होतं ना? स्ट्राइप काउंट, म्हणजे एक फाइल किती ओएसटींवर (डेटा ठेवणाऱ्या डिस्कसंचांवर) पसरते तो आकडा, किती होता? मुळात तो १ असतो. कुणीतरी हौसेने प्रत्येक फाइल सगळ्या ओएसटींवर पसरवली असेल तर तुमचं दुखणं तिथेच आहे. दर सर्व्हर शंभरातून एकदा रेंगाळतो असं धरा. एक वाचन आठ सर्व्हरांवर गेलं तर रेंगाळण्याची शक्यता ७.७ टक्के होते. सरासरी झकास दिसते आणि पोरं बफरिंगचं चक्र बघत बसतात.

रात्रपाळी

पसरलेली होती, हो. पण मुद्दा तो नाही. विक्रेत्याच्या चाचणीत ते पसरणं फायद्याचंच दिसलं होतं, कारण तिथे मोजके क्लायंट (वाचणारी यंत्रं) अवाढव्य फाइली ओढत होते.

शिवाय एचएलएसचं, म्हणजे व्हिडिओचे छोटे तुकडे करून पाठवण्याच्या पद्धतीचं, गणित बघा. सहा सेकंदांचा एक सेगमेंट, तासाचे ६००, चार दर्जे म्हणजे २४००. दहा हजार तास ठेवले तर २.४ कोटी फाइली. वरच्या दर्जाचा सेगमेंट पावणेचार एमबीच्या आसपास, खालचा ३०० केबी. इतक्या लहान फाइलीसाठी आधी मेटाडेटा सर्व्हरचं दार वाजवायचं आणि मग डिस्कचं.

भोचक

मंडळी, वराती मागून घोडं. मुळात समांतर फाइलसिस्टीम हवीच कशाला? व्हिडिओ एकदा लिहिला की त्याला कुणी हात लावत नाही. लॉक, पॉझिक्सची (फाइल हाताळण्याच्या प्रमाणित नियमांची) सोवळी-ओवळी, सगळं फुकटचं ओझं. मागे ऑब्जेक्ट स्टोअर (अख्खी फाइल एका नावाने ठेवायची-उचलायची साधी कोठी), पुढे कॅश (वारंवार मागितलेला माल हाताशी ठेवणारा साठा), विषय संपला. नेटफ्लिक्सचे ओपन कनेक्टचे डबे, म्हणजे व्हिडिओ पुरवणारे त्यांचे सर्व्हर, बघा: फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि डब्यातल्याच डिस्क. गर्दी नसताना माल भरून ठेवतात. २०२१ मध्ये एका सर्व्हरमधून ४०० गिगाबिट काढून दाखवले त्यांनी. कसली क्लस्टर फाइलसिस्टीम नि कसलं काय.

जुनं खोड

भोचकराव, थोडा इतिहास. आयबीएमची समांतर फाइलसिस्टीम जीपीएफएस १९९८ ची. तिचं मूळ अल्माडेनच्या प्रयोगशाळेतल्या 'टायगर शार्क'मध्ये, आणि टायगर शार्क बांधली होती व्हिडिओ सर्व्हरसाठीच! आजही तिच्या बहुतेक कमांडी 'एमएम'ने सुरू होतात, ते एमएम म्हणजे मल्टिमीडिया. महासंगणकवाले नंतर आले. तेव्हा हे घर आपलंच आहे, आपण पाहुणे नाही.

भोचक

आजोबा आखाड्यात घुमायचे म्हणून नातवाने लंगोट लावायचा का? तेव्हा एका डिस्कच्या जिवावर एका गाजलेल्या चित्रपटाचे प्रेक्षक सांभाळता येत नव्हते, म्हणून फाइल पसरवणं भाग होतं. आज सेकंदाला ३ जीबी देणारी एक एनव्हीएमई (वेगवान फ्लॅश डिस्क) घ्या. ५ एमबीपीएसचे ४,८०० प्रेक्षक बसतात तिच्यात. कागदावर का होईना.

रात्रपाळी

कॅशला माझा विरोध नाही, पण गर्दी-गर्दीत फरक असतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी माणसं होती, पण सगळी तेच काही सेकंद बघत होती. ते कॅशचं काम. आमच्याकडे एक मुलगी त्रिकोणमितीवर, दुसरा ऑक्सिडेशनवर, तिसरा दोन वर्षांपूर्वीच्या तासावर. कॅश चुकते आणि धक्का थेट मागे बसतो. एनव्हीएमईवर पाचशे टीबी ठेवायचे पैसे तुम्ही देणार असाल तर खातं क्रमांक कळवतो.

डिस्कबदलू

तुम्ही सगळे निरोगी क्लस्टरबद्दल भांडताय म्हणून तोंड घालते. चाचणी चालू असताना एक डिस्क उपटा. बाकीचं नंतर बोलू.

आठ अधिक तीनचं इरेजर कोडिंग असेल, म्हणजे डेटाचे आठ तुकडे आणि हरवलेलं भरून काढायला तीन जादा, तर हरवलेला एक तुकडा परत बांधायला आठ तुकडे वाचावे लागतात. ते वाचन प्रेक्षकांच्याच डिस्कवरून होतं. सेफमध्ये रिकव्हरीला लगाम घालता येतो, पण लगाम आवळला की दुरुस्ती लांबते आणि तोवर आणखी दोन डिस्क गेल्या तर जीव टांगणीला. हा सौदा कुठल्याच स्लाइडवर नसतो.

अजून दोन चोरवाटा. एक, रिकाम्या डिस्कवरची चाचणी. डेटा बाहेरच्या, वेगवान ट्रॅकवर बसतो. आधी ८० टक्के भरा, मग मोजा. दुसरी, रॅम. चाचणीच्या फाइली सर्व्हर आणि क्लायंट यांच्या मिळून होणाऱ्या रॅमपेक्षा बऱ्याच मोठ्या हव्यात, नाहीतर तुम्ही फाइलसिस्टीम नाही, मेमरी मोजताय.

ओएसटीवाला

डिस्कबदलूंना दंडवत. आयओ५०० मध्ये डिस्क उपटायचा पेपर नाही, हे कबूल. तरी माझा आग्रह कायम: आधी प्रमाणित चाचणी, मग घरगुती. पहिली नसेल तर दुसरीतला घोळ सिस्टीमचा की तुमच्या स्क्रिप्टचा, हे कळणार नाही.

रात्रपाळी

ठीक, दोन्ही निविदेत घालतो. ८० टक्के भरलेली सिस्टीम, चालीने वाचणाऱ्या स्ट्रीम, मध्येच एक डिस्क बाहेर. आज तिघांना तोंडी सांगून बघितलं. एकाने लगेच होकार दिला, एकाने वेळ मागितला, तिसरा फोन उचलत नाहीये.

ओएसटीवाला

छान. पण मघाशी तुम्ही प्रश्न टोलवलात. स्ट्राइप सगळ्या ओएसटींवर पसरवली कुणी होती?

रात्रपाळी

मी.